डावी कड

वेबसाइट हर्षलने केली, दोन रात्रींत.
दोन खोल्या, पडवी, चुलीवरचं जेवण,
तळाशीलला यायचा रस्ता.
वर एक मोठा फोटो हवा म्हणाला, समुद्राचा.
म्हटलं, समुद्र दारातच आहे, काढ की.
तसा येत नाही गं मावशी, म्हणाला,
आणि नेटवर शोधत बसला.

तिसाव्या की चाळिसाव्या फोटोत
बाबा निघाले.

रापण ओढताना. कमरेला दोर,
टाचा वाळूत रुतलेल्या, मान मागे,
तोंड अर्धं उघडं, हाळी देताना किंवा दम घेताना.
आमच्याकडे त्यांचा एकच फोटो, रेशनकार्डावरचा,
त्यात ते कुणीतरी दटावल्यासारखे बसलेत.
हे असे चालतेबोलते
परक्याच्या घरात राहत होते, मला न कळवता.

हर्षलने बोट टेकवलं
आणि बाबा आमच्या मशीनमध्ये उतरले.
कालवं काढायची तरी
बोटांतून रक्त येतं.

मग कोपऱ्यातली बारीक अक्षरं दिसली.
शिरीष बुगड, इचलकरंजी. सर्व हक्क राखीव.

बाप माझा. हक्क कुणाचे?
रात्रभर कूस बदलत हेच.
हर्षल म्हणाला, कायदा असा आहे,
ज्याने बटण दाबलं, फोटो त्याचा.
आणि ज्याने दोर ओढला?
त्याचे मासे, म्हणाला, आणि हसला.
मला हसू आलं नाही.

रापणीला कुणीही हात लावावा,
टपाल घेऊन निघालेला पोस्टमन, शाळा चुकवलेलं पोर.
दोराला हात लागला की वाटा ठरला,
मूठभर पेडवे का होईनात.
पण हात लावण्याआधी तांडेलाकडे बघायचं.
त्याने मान हलवली तरच.
हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.
बाबांनी एकदा कानफटात दिली होती, ती पुरली.

म्हणून पत्र लिहिलं. तीन ओळी, दोन दिवस लागले.
तुमच्या फोटोतला माणूस माझे वडील. मला तो वापरायचा आहे.
किती पैसे?

अकराव्या दिवशी उत्तर आलं.
ताई, पैसे नकोत. खाली माझं नाव लिहा,
आणि फोटो कापू नका, आहे तसाच ठेवा.
त्या सकाळी त्यांनी मला चार बांगडे दिले होते.
मी मासे खात नाही, हे सांगायचा धीर झाला नाही.
लॉजवाल्याला दिले.

कापू नका.
आणि आम्ही तर कापला होता. मीच सांगितलं होतं कापायला.
डाव्या कडेला, त्याच दोरावर, बाबांच्या हातभर पुढे
आत्मारामकाका.
सात माडांवरून ओरोसच्या कोर्टात एकोणीस वर्षं.
बाबांच्या बाराव्याला बेड्यापर्यंत आला होता.
कुणी या म्हटलं नाही. गेला.

हर्षल म्हणाला, एवढंसं कापलं तर कुणाला कळतंय.
कळत नाही हे खरंच आहे.

प्रत छापून घेतली, आणि कुंपण वळसा घालून
त्याच्या पडवीत गेले. बस म्हणाला नाही.
कागद लांब धरला, मग जवळ, मग उजेडाकडे.
"माका इचारूक इलंस?"
होय.
खूप वेळ काहीच नाही. आत कुणीतरी नारळ खवत होतं, तेही थांबलं.
मग त्याने नखाने एक जागा दाखवली.
"बघ, तुझ्या बापाशीन दोर ढिलो धरल्यान हा.
सगळो भार माझ्यार."

हे होय की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.
पण कागद त्याने परत दिला नाही.

फोटो आता लागलाय, पूर्ण, डाव्या कडेसकट.
खाली लिहिलंय: छायाचित्र शिरीष बुगड, परवानगीने.
त्याखालची एक ओळ हर्षलने मोकळी ठेवलीय,
तिथे काय घालू, म्हणून रोज विचारतो.

ओरोसची पुढची तारीख अठराला.
सकाळची एसटी एकच आहे.